पुस्तकातल्या चौघांसाठी गाऱ्हाणे

आमच्या वाडीतल्या वाचनालयात पुस्तके देणारा माणूस प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचतो. हरवलेले खजिने शोधणाऱ्या चौघांच्या गोष्टींचे भाग त्याला आणि मला फार आवडतात. पुस्तक हातात देताना तो इकडेतिकडे बघून हळूच सांगतो, "वयनी, ह्या भागात साप आसा. जेवतना वाचू नको."

गेल्या भागाच्या शेवटी ते चौघे समुद्राखालच्या गुहेत अडकले आणि पाणी गळ्यापर्यंत चढले. पुढचा भाग कणकवलीहून यायचा, तो महिनाभर आला नाही. पुस्तके देणाऱ्या त्या माणसाचे जेवणावरचे लक्षच उडाले.

सोमवारी तो नारळ घेऊन देवळात आला. चार माणसे पाण्यात अडकलीत, एवढेच त्याने सांगितले. मानकऱ्यांनी नारळ देवापुढे ठेवून गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, चार माणसां पाण्यात अडाकली आसत, तेंका सुखरूप भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

मग मानकऱ्यांनी त्याला विचारले, "खंयची रे ती माणसां?"

त्याची मान खाली गेली. पुस्तकातली म्हटले असते, तर गावाने त्याला जन्मभर चिडवले असते. मी देवळात कधी तोंड उघडत नाही, पण पटकन म्हणाले, "माझ्या म्हायारची."

आता विहिरीवर बायका रोज विचारतात, "सुटली काय गो तुझी माणसां?" माझा भाऊ मसुऱ्याहून भेटायला यायचा होता. त्याला मी फोन करून सांगितले, पुढचा भाग येईपर्यंत इकडे फिरकू नको.