डोंगराचे हात भरलेले होते

डोंगर चौथ्या मजल्यावर राहायचा आणि लोकांची घरं हलवायचा. कपाटं, पलंग, फ्रिज, एकदा तर खुर्चीतून उठायला तयार नसलेल्या एक आजीबाई, खुर्चीसकट. ट्रक चालवायला एक ड्रायव्हर होता, पण तो गाडीतून खाली न उतरण्याची शपथ घेतल्यासारखा वागायचा. त्यामुळे उचलाउचल सगळी डोंगराकडे. त्याचं खरं नाव आईने हौसेने ठेवलं होतं. पण त्याला एकदा बघितल्यावर कुणाला ते विचारायचं सुचत नसे.

असल्या माणसाला राग नसता तर काय बिघडलं असतं? पण होता, आणि अगदी नाकाच्या शेंड्यावर होता. आठ वर्षांपूर्वी त्याने सख्ख्या धाकट्या भावाच्या कानाखाली आवाज काढला. कारण काय, तर भावाने टेबल न उचलता ओढत नेलं आणि फरशीला चरा पडला. तेव्हापासून भाऊ डाव्या कानाने ऐकत नव्हता आणि डोंगराच्या घरी पाऊल टाकत नव्हता.

मग एका रविवारी डोंगर प्रार्थनामंदिरात जुना ऑर्गन पोचवायला गेला. पाळक बायबल वाचत होते. येशूला धरायला लोक आले, तेव्हा एका शिष्याने तलवार काढून त्यांच्यातल्या एकाचा कान छाटला. येशूने तलवार म्यान करायला लावली आणि त्या माणसाच्या कानाला हात लावून तो बरा केला. डोंगर ऑर्गन पाठीवर घेऊन शेवटच्या गीतापर्यंत उभा राहिला. लोकांना वाटलं, केवढी ही भक्ती. बिचाऱ्याला ऑर्गन ठेवायची जागा कुणी दाखवली नव्हती, एवढंच. पण डोळ्यांतलं पाणी खरं होतं.

त्याने बाप्तिस्मा मागितला. ही मंडळी मोठी कडक. कुणावर हात उगारायचा नाही, स्वतःचा जीव वाचवायलासुद्धा नाही, हे पाण्यात उतरण्याआधी कबूल करावं लागे. भावाने निरोप धाडला, "झालाच बाप्तिस्मा, तर त्या दिवशी येईन." त्यातला 'झालाच' डोंगराला बरोबर ऐकू आला. पहिली तारीख ठरली आणि पाच दिवस आधी त्याने एका सायकलस्वाराला सायकलीसकट गटारात ठेवलं. दुसरी ठरली आणि आदल्या दिवशी त्याने ट्रकपुढे वाद घालणाऱ्या गृहस्थांना एक ठेवून दिली. ते याच मंडळीचे खजिनदार निघाले. तारीख अर्थातच पुढे गेली. आता तिसरी ठरली होती.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी डोंगर जेवायला घरी आला. खाली ट्रकमध्ये पाळकांच्या घरी पोचवायचं पुस्तकांचं कपाट होतं. आत बायको शिलाई मशीनवर पडदे शिवत होती, त्या खडखडाटात तिला भूकंपही कळला नसता. बाहेरच्या खोलीत एक अनोळखी माणूस भिंतीवरचं घड्याळ काढत होता.

"हं?" डोंगर म्हणाला.

चोराने घड्याळ सोडून इस्त्री उचलली. तेवढ्यात मशीन थांबवून बायको बाहेर आली, हातात कापडाची मोठी कात्री. चोर घाबरला आणि त्याने इस्त्री तिच्या डोक्यावर उगारली. पुढे जे झालं ते डोंगराने ठरवून केलं नाही, त्याच्या हातांनी परस्पर केलं. खांद्यावर कपाटांना गुंडाळायची जाड गोधडी होती, ती त्याने चोराभोवती लपेटली. इस्त्री काढून बाजूला ठेवली, कारण सुटे भाग आधी काढतात. मग चोराला थोडा तिरका केला, कवेत घेतला आणि निघाला.

"अहो, कुठे नेताय त्याला?" बायको ओरडली.

"खाली," डोंगर म्हणाला. त्याहून जास्त त्यालाही ठाऊक नव्हतं.

बाहत्तर पायऱ्या. प्रत्येक वळणावर त्याच्या तोंडून सवयीने "कोपरा, कोपरा" निघत होतं, आणि चोराचं डोकं कुठेही आपटलं नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चोराचा एक हात सुटला. त्याने डोंगराच्या तोंडावर फाडफाड तीन थपडा हाणल्या. डोंगराच्या डोळ्यांपुढे लाल झालं. पण जिन्यात माल खाली ठेवायचा नाही, हा धंद्यातला पहिला नियम. ठेवला की कलंडतो. दातओठ खात तो उतरत राहिला.

खाली ट्रकचं मागचं फळकूट उघडंच होतं. डोंगराने चोराला कपाटाशेजारी उभा केला, रस्त्यात खड्डे आहेत म्हणून दोरीने बांधला, फळकूट लावलं आणि सवयीने त्यावर दोनदा थाप मारली. दोन थापा म्हणजे निघ. ड्रायव्हर निघाला. डोंगर रस्त्याच्या मधोमध उभा राहून बघत राहिला.

पाळकांनी आपल्या दारात फळकूट उघडून घेतलं, गोधडी सोडली आणि चष्मा पुसला. "हे आम्ही मागवलं नव्हतं," ते म्हणाले. ड्रायव्हरने गाडीत बसल्या बसल्याच सांगितलं की तक्रार असेल तर डोंगराला सांगा. चोर दोन कप चहा प्याला, थपडांसकट सगळी हकिगत सांगून मोकळा झाला आणि पायी घरी गेला.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता, बाप्तिस्मा द्यायचा की नाही हे ठरवायला, मंडळीची बैठक बसली. पाळक, निवृत्त मुख्याध्यापिका बाई आणि दातांचे डॉक्टर. समोर छोट्याशा खुर्चीत डोंगर, शेजारी बायको.

"त्या माणसाला विचारलं होतंस का," बाईंनी सुरुवात केली, "की तुला खाली जायचंय का म्हणून?"

"बाई, त्याने इस्त्री उगारली होती," डॉक्टर म्हणाले. "स्वतःचा गाल पुढे करता येतो. बायकोचा कसा करायचा?"

"मी होते की कात्री घेऊन," बायको म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"येशूनेही बाजार मांडणाऱ्यांना मंदिरातून हाकललं," डॉक्टरांनी रेटलं.

"हाकललं. गुंडाळून ट्रकने पाठवलं नाही," बाई म्हणाल्या.

पाऊण तास हे चाललं. शेवटी पाळक म्हणाले, "हे बघा, तीन थपडा खाल्ल्या, एकही परत केली नाही. आपल्यापैकी कुणाची अशी परीक्षा झालीये?" बाईंनासुद्धा मान हलवावी लागली. पाळकांनी वहीत रविवारची तारीख लिहायला घेतली.

इथे डोंगराने गप्प बसायचं होतं. बायको त्याच्या पायावर पाय देऊन तेच सांगत होती. भाऊ येणार होता. आठ वर्षं डोंगराने त्या एका दिवसाची वाट पाहिली होती.

"माझे हात भरलेले होते," डोंगर म्हणाला. "मोकळे असते, तर त्याचे दात डॉक्टरसाहेबांकडे आले असते. हे लपवून पाण्यात उतरायचं नाही मला."

बायकोने कपाळावर हात मारला. पाळकांनी पेन खाली ठेवलं.

"खाली पोचल्यावर मोकळे झाले होते की," ते म्हणाले. "तेव्हा का नाही मारलंस?"

डोंगराने याचा विचारच केला नव्हता. त्याने आपल्या पंजांकडे बघितलं. "चार मजले सांभाळून आणला त्याला," तो हळूहळू म्हणाला. "इतकं जपून आणलेलं कुणी फोडतं का?"

मग पाळक घसा खाकरून म्हणाले, "माझ्या दारामागे काठी आहे. चोवीस वर्षं." बाईंनी पर्स उघडून एक लांब टाचणी टेबलावर ठेवली. "बसच्या गर्दीसाठी," त्या म्हणाल्या, "दोनदा वापरलीये." डॉक्टर म्हणाले की दाढ उपटताना त्यांना क्वचित मजा वाटते, पण पेशंट कोण आहे त्यावर ते असतं. आणि मग बाईच आधी हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि डोंगराच्या हसण्याने ती खुर्ची गेली.

"आणि त्याच्याकडे सुरा असता तर?" पाळकांनी जमिनीवर बसलेल्या डोंगराला विचारलं.

"माहीत नाही, पाळकसाहेब."

"मलाही नाही," पाळक म्हणाले. "रविवारी साडेनऊला ये."

रविवारी मंडळी बाप्तिस्म्याच्या हौदाभोवती दाटीवाटीने उभी राहिली, कारण डोंगराला पाण्यात बुडवून वर काढायचं होतं आणि पाळकांचं वजन त्याच्या एका पायाएवढं होतं. डोंगर पाण्याखाली गेला तेव्हा काठावरच्यांचे पाय भिजले. पाळकांनी सगळा जीव एकवटून त्याला वर काढलं. तो निथळत, हसत, पायऱ्या चढून थेट पुढच्या रांगेत गेला. तिथे भाऊ होता.

"मला उचललं रे," डोंगर त्याच्या कानात म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी उचललं."

घाईत तो डाव्या बाजूला गेला होता. भावाला काही ऐकू आलं नाही. त्याने डोंगराचा ओला हात धरून ठेवला, मान वळवली आणि दुसरा कान पुढे केला.