तोंडी परीक्षा आणि आबांची पहिली पाळी

शिरूरहून निघालेली मोटार न्हावऱ्याजवळ बंद पडलीय आणि वसंतभाऊजी त्याच मोटारीत आहेत... ही बातमी दौंडच्या स्टँडवर मागच्या गाडीच्या कंडक्टरने आणली. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याला दोनदोनदा विचारून खात्री करून घेतली. कडेवर माझी आठ महिन्यांची शकू, रडून लाल झालेली.

मी तेव्हा पुण्यात होते. दुपारी माझी तोंडी परीक्षा होती.

साठच्या दशकातली गोष्ट. आज ज्याला तुम्ही एचआर म्हणता, त्याला तेव्हा पर्सोनेल मॅनेजमेंट आणि कामगार कल्याण म्हणत. बी.ए.नंतरचा कोर्स, वर्गात बायका आम्ही दोघीच... मी दौंडहून पॅसेंजरने जाऊन-येऊन शिकत होते.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा रेल्वेत गार्ड, निम्मा आठवडा बाहेर, परीक्षेच्या दिवशीही. "मूल कोण बघणार?" असं जो तो विचारायचा. उत्तर शोधलं आबांनी.

आबा कौलांच्या कारखान्यात भट्टीवर मुकादम होते, नुकतेच घरी बसलेले. भट्टीवर एक रीत होती... पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही. तीच रीत त्यांनी घरात लावली. पहिली पाळी आबांची. दुसरी माझे दीर वसंतभाऊजी यांची. ते सकाळच्या शाळेत मास्तर होते, दुपारी मोकळे.

गल्लीत चेष्टा व्हायची. "काय मुकादम, आता आयाबाई झाला व्हय?" आबा मिशीतल्या मिशीत हसायचे. "व्हय. एक जागा रिकामी हाय, येतोस का भरती व्हायला?"

एकच अडचण होती. वरचं दूध शकू आबांच्या हातून घ्यायची नाही. मिशा जवळ आल्या की तोंड फिरवायची... भाऊजींकडून प्यायची, नाहीतर शेजारच्या हमीदाभाभींकडून.

आणि नेमके परीक्षेच्या आदल्या दिवशी भाऊजी स्वतःसाठी मुलगी बघायला शिरूरला गेले. "सकाळच्या मोटारीने येतोच" असं सांगून.

त्या सकाळी हमीदाभाभी आपणहून दारात आल्या होत्या. त्यांना कुरकुंभला बहिणीकडं जायचं होतं, पण शकूसाठी थांबायची तयारी होती. आबा म्हणाले, "तुमचं नाव पाळीत न्हाई, भाभी. वसंता येतोय." भाभी खट्टू झाल्या. "ऱ्हाऊ द्या मग तुमचा कारखाना तुमच्यापाशी," म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर शकूने रडायला सुरुवात केली. भाऊजींची वाट बघत आबा तिला घेऊन स्टँडवर गेले, तिथं कंडक्टरने ती बातमी सांगितली. भाभींच्या दाराला कुलूप. घरात दूध होतं, पण पाजणारं कुणी नव्हतं... आबांनी नातीला धडप्यात गुंडाळलं आणि पुण्याची गाडी धरली.

कॉलेजच्या व्हरांड्यात मला आधी आबांचा लाल पटका दिसला. मग रडणं ऐकू आलं. घरी काहीतरी वाईट झालंय असंच वाटलं.

"काय झालं न्हाई गं. उपाशी हाय निस्ती," आबा लांबूनच ओरडले. तेवढ्यात शिपायाने माझं नाव पुकारलं.

आत गेले नाही तर वर्ष जाणार होतं. आणि अजून एक वर्ष या घराकडे मागायची माझी हिंमत नव्हती... इकडे लेकीच्या रडण्याने पान्हा फुटून माझं पोलकं भिजलं होतं. मी पदर ओढून नुसती उभी राहिले.

गलका ऐकून परीक्षकच बाहेर आले. वयस्कर, करड्या चेहऱ्याचे गृहस्थ. आबा ताठ झाले, भट्टीवर साहेब आल्यावर होत असतील तसे. "सायेब, दुसऱ्या पाळीचा मानूस आला न्हाई. पोर सकाळधरनं उपाशी हाय. सुनंला जरा येळ द्या, मग काय इचारायचं त्ये इचारा."

परीक्षकांनी एकदा आबांकडे पाहिलं, एकदा शकूकडे. मग शेजारच्या रिकाम्या वर्गाचं दार स्वतः उघडलं. "बाई, आधी बाळाचं बघा. तुम्हाला शेवटी घेऊ."

मी पाजत होते तोवर आबा दाराबाहेर पाठ करून उभे होते. कुणाला फिरकू दिलं नाही त्यांनी.

पहिलाच प्रश्न होता, कामगार न कळवता गैरहजर राहिला तर आधी काय कराल? पाठ केलेलं सगळं विसरले. "त्याच्या घरी काय झालंय ते विचारेन," म्हणाले. परीक्षकांनी दाराकडे एक नजर टाकली आणि पुढचा प्रश्न विचारला... मग मला सुचत गेलं.

परतीच्या गाडीत शकू मांडीवर गाढ झोपली. पुढं मी जी नोकरी केली, ती अशा माणसांच्या जिवावर... पण तेव्हा हे कळण्याइतकी मी शांत नव्हते. तोंडी बरी गेली, असं आबांना सांगितलं.

उरुळी गेल्यावर आबा बोलले. "भाभीला सकाळी न्हाई म्हनायला नको हुतं. एवढं रडवलं पोरीला."

मी म्हटलं, जाऊ द्या आबा.

"जाऊ द्या कसं? उद्या जातो तिच्या दारात. चुकलो म्हनतो. आन् पाळीत या म्हनतो." मग माझ्याकडे वळून, "यील का गं ती?"

जन्मभर मुकादमकी केलेला माणूस... 'चुकलो' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. निकालाला महिना होता, त्याची चिंता मला एकटीलाच. आबा मात्र दौंड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत, भाभींना काय काय म्हणायचं ते ओठांतल्या ओठांत जुळवत होते.