लघवीची पिशवी

सकाळी सिस्टरनं माझी लघवीची पिशवी मगात रिकामी केली, आन् त्या वासासरशी मला आमचं आबा आठवलं.

दवाखान्यात त्यांनाबी अशीच नळी घातलीती. कोडोलीसनं पावणं आलं तसं आबा कुजबुजलं, "झाक की ते, लेका." मी लई शहाणा! पिशवी उचलून पलंगावर घेतली आन् वर टॉवेल टाकला. तवर सिस्टर आली. तिनं टॉवेल वडला. "पिशवी कायम खाली लटकवायची! लघवी परत आत जाती, ताप भरंल म्हाताऱ्याला." मग तिनं सगळ्यांम्होरं लघवी मगात वतून मापली.

पावणं खिडकीभाईर बघाय लागलं. मला कुठलं गप बसवतंय? म्हटलं, "सिस्टर, फॅट किती लागली? डेअरीला घालतो की!"

सगळा वॉर्ड खदाखदा हसला. आबांनी भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, झोपलं.

आज माझी पिशवी पलंगाखाली बरोबर लटकतीया. सिस्टर म्हणाली, "आजोबा, तुम्ही झाकाझाक करत न्हाय, बरं हाय."

"कुणापासनं झाकू, बाई? ह्या खोलीचं दार फकस्त तूच उघडतीस."

ती हसली. मी भिंतीकडं तोंड केलं. तिला वाटलं, म्हातारा झोपला.