चिखलदऱ्याला बर्फाचा परवाना

कसं सांगू तुम्हाला, माणूस शिकलेला असला की त्याची फजितीही चांगली शिकून-सवरून होते!

मी अमरावतीचा, निवृत्त मास्तर. गेल्या डिसेंबरात अकोल्याहून आमचे व्याही आणि विहीणबाई राहायला आले. लेकीचं लग्न होऊन तीनच महिने झालेले. म्हणजे छाप पाडायचे दिवस!

चिखलदऱ्यात गवतावर बर्फ साचल्याचे फोटो तेव्हा मोबाइलवर फिरत होते. मी जाहीर केलं, "उद्या सकाळी बर्फ पाहायले जाऊ. नाक्यावर गाडीच्या पासाले रांग असते म्हणे. मी ऑनलाइनच काढतो."

मोबाइलवर 'बर्फ, घाट, गाडीचा परवाना' असं टाकलं. सरकारी पान उघडलं. सगळं इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी. पण मागं हटेल तो मास्तर कसला? नाव, गाडीचा नंबर, मोबाइल नंबर, सगळं भरत सुटलो. गाडी बर्फात उभी करणार का? होय! चाकांना लावायची साखळी सोबत आहे का?

आता ही कुठून आणायची? शेजारच्या गोठ्यातून मागून आणली.

बायको म्हणाली, "अवो, बैल नेऊन राहिले का संगं?"

"तुले नाही समजत. सरकारी नियम हाय तो!"

परवाना आला. रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेशन केलं, काचेवर चिकटवली. परतवाडा येईपर्यंत व्याह्यांना ऑनलाइन कारभार समजावून सांगितला.

नाक्यावर गार्ड आला. "पास?"

"काचेवर पाहा!"

त्यानं वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाला, "काका, साखळी बी आणली का?"

मी रुबाबात डिकी उघडली. त्यानं साखळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "काका, हा पास हिमाचलचा हाय. मनालीच्या वरच्या घाटाचा."

"मंग?" तोंडातून निघूनच गेलं हो!

"मंग काई नाही. आपण मेळघाटात आहो."

व्याही हसले नाहीत. खरं तर हसले असते तर बरं झालं असतं. गाडीतून उतरले, नाक्याच्या खिडकीवरून मिनिटभरात पासाची चिठ्ठी घेऊन आले. रांगेत माणूसच नव्हता. "असू द्या गुरुजी," म्हणाले, "होते असं."

वर पॉइंटवर गवत खरंच पांढरं झालं होतं. कोवळं ऊन पडलेलं. विहीणबाई वाकून एकेक पातं बोटानं हळूच टिपून पाहत होत्या. माझाही जीव जरा निवला.

तेवढ्यात मोबाइल वाजला. सरकारी मेसेज, तोही इंग्रजीत! 'घाटात जोरदार हिमवृष्टी. रस्ता बंद होत आहे. वाहनं ताबडतोब खाली न्यावीत.'

माझा वर्गातला आवाज आपोआप बाहेर पडला. "चला, चला! घाट बंद होऊन राहिला! पटापट गाडीत बसा, सरकारचा मेसेज हाय!"

लोकांची एकच धावाधाव. कोणी चहाचे कप तसेच टाकले, कोणी लेकरं उचलली.

व्याह्यांनी शांतपणे माझ्या हातातून मोबाइल घेतला, चष्मा लावला आणि कानाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, हा घाट मनालीचा हाय ना?"

मी मान वर केली. तोवर दोन मोटारी आणि नागपूरची एक अख्खी मिनीबस घाट उतरायला लागली होती!