‘अदर’मध्ये टाकलेली मावशी

मार्था गेल्याची बातमी मला मिळाली ती लिंकसकट. तिचा मुलगा नेल्सन हॉस्पिटलमधून घरी आला आणि त्याने मेसेज केला, ‘आंटी, मम्मी गेली. फ्युनरलला मोजकीच माणसं अलाउड आहेत, म्हणून लिंक पाठवतोय. सॉरी.’ खाली निळ्या अक्षरांत ती लिंक. आता बघा, मार्था आणि मी दोघी कॅनबेरातल्या गुंगालिनच्याच. चर्च माझ्या मागच्या रस्त्यावर, कपडे वाळत घालताना त्याचा क्रूस दिसतो मला. आणि फ्रान्समधल्या तिच्या भाचीला, रीटाला जी लिंक, तीच मला. म्हणजे मी काय आणि रीटा काय, दोघी सारख्याच लांब. मी फोन ओट्यावर पालथा घातला आणि भांडी घासायला घेतली. रडू नाही आलं. राग आला. तो अजून आहे, आणि हे लिहिलं म्हणून जाईल असंही नाही.

मार्था वसईची. तिथल्या कॉन्व्हेंट शाळेत जन्मभर फ्रेंच शिकवलं तिने. मी डोंबिवलीची, मॅट्रिकच्या पुढे शाळा नाही, पुढचं सगळं लायब्ररीतून आणि लोकांच्या तोंडून. आमची ओळख ट्रामच्या थांब्यावर झाली. कॅनबेराची थंडी, नाक गळतंय, मी आपली मराठीत थंडीला शिव्या घालतेय, आणि शेजारच्या फ्रॉकवाल्या बाई म्हणाल्या, “अजून एक द्या, माझ्याकडून.” तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात. नेल्सन आयटीतला, खोलीचं दार लावून मीटिंगमध्ये. आम्ही दोघी ओट्यापाशी, आणि ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवलेला तो टॅब. आमच्याकडे दिवेलागण व्हायची तेव्हा तिकडे फ्रान्समधल्या लियोंमध्ये सकाळ असायची, आणि रीटा नाइट ड्युटी करून घरी आलेली असायची. तिकडच्या हॉस्पिटलात नर्स आहे ती. मग ती तिची कॉफी घेऊन, मार्था इकडे फुग्यांचं, वसईच्या त्या गोल तळलेल्या पावांचं, पीठ मळत... एका टेबलावर बसल्यासारख्या. मध्ये अर्धी पृथ्वी होती, पण विसरायला व्हायचं.

रीटा मार्थाच्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर नुकतं चालायला लागलेलं. मार्थाने तिला कडेवर घेतलं ते थेट लग्न होऊन फ्रान्सला जाईपर्यंत उतरवलं नाही. पण आई म्हणू दिलं नाही कधी. घरात तिच्या आईचा फोटो होता, त्याला मम्मी म्हणायचं, आणि हिला मावशी. दत्तकाचा कागद? छे. आपल्यात घरातल्याच पोरासाठी कोर्टात कोण जातं? गेलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं, की स्वतःच्या भाचीला घरात घ्यायला हिला वकील लागतो. माय मरो पण मावशी उरो असं म्हणणारी माणसं आपण. आपल्याला वाटतं हे जगाला ठाऊक आहे.

त्या टॅबमुळे मला फ्रान्सचं राजकारण कळायला लागलं, ही गंमतच. मार्था तिकडच्या बातम्या लावायची आणि पीठ मळता मळता मला मराठीत सांगायची. कोरोनाची साथ येण्याच्या आधीच रीटा आणि तिच्या हॉस्पिटलच्या बायकांनी चादरींवर रंगाने लिहून खिडक्यांतून लोंबकळत सोडलं होतं, खाटा कमी करू नका, माणसं कमी करू नका. कुणी ऐकलं नाही. मग साथ आली, तिकडचे नेते टीव्हीवर येऊन लढाईच्या गोष्टी बोलायला लागले आणि लोक संध्याकाळी गॅलरीत उभे राहून नर्सेससाठी टाळ्या वाजवायला लागले. मला भरून आलं होतं. मार्था म्हणाली, “शोभा, टाळ्या फुकट असतात गो. खाटा विकत घ्याव्या लागतात.”

आणि तो परवाना! तिकडे लॉकडाऊनमध्ये घराबाहेर पडायचं तर स्वतःच स्वतःला लिहून द्यायचं, की मी अमुक कामाला चालले आहे, माझ्या इभ्रतीची शपथ. मार्थाला त्याचं किती हसू आलं होतं. “बघ, सरकार लोकांना कोंडतं पण इभ्रत विचारून कोंडतं. फ्रेंच ते फ्रेंच.” पुढे तो परवाना फोनवर आला, त्याच्या पुढच्या वर्षी लस घेतल्याचा चौकोनी ठिपक्यांचा शिक्का आला, तो दाखवल्याशिवाय कॅफेत पाऊल टाकायचं नाही. रीटाने लस सगळ्यांच्या आधी घेतलेली, तरी ती शनिवारी त्याच्याविरुद्धच्या मोर्चात जायला लागली. त्यावरून मावशी-भाचीचं जे जुंपलं! मार्था म्हणायची, नर्स असून असल्या माणसांच्या रांगेत उभी राहतेस, लाज नाही वाटत? रीटा म्हणायची, मावशी, माझं भांडण सुईशी नाही, मशीनशी आहे. मशीन प्रश्न विचारतं आणि उत्तर ऐकत नाही. आज कॅफेच्या दारावर आहे, उद्या कुठे असेल? मी मध्ये पडले तर दोघी मिळून माझ्यावर. मार्थाला ते पटलं नव्हतं. मलाही नाही. तुम्हाला कशाला खोटं सांगू, मला तर रीटा थोडी आगाऊच वाटली होती.

बरं, कॉल संपला की तो टॅब विचारायचा, कॉल कसा झाला? खाली पाच तारे. मार्था पिठाच्या बोटाने एक तारा दाबायची. रोज. नेल्सन ओरडायचा, मम्मी, क्वालिटी चांगली होती ना? ती म्हणायची, आवाज चांगला होता, चित्र चांगलं होतं, पण पोर कुठे होती?

त्याच वर्षी तिच्या पोटात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की फार दिवस नाहीत. मार्थाने औषध विचारलं नाही, वेदना होतील का विचारलं नाही. गाडीत बसल्यावर नेल्सनला एवढंच म्हणाली, “रीटाला बोलव. एकदा तिच्या डोक्यावरून हात फिरवायचाय.” एवढंच हवं होतं तिला. राजवाडा नव्हती मागत.

ऑस्ट्रेलियाची सरहद्द बंद. रीटाकडे फ्रान्सचा पासपोर्ट, म्हणजे ती इथे परकी, म्हणून खास परवानगी, आणि ती ऑनलाइन. नेल्सन लॅपटॉप घेऊन ओट्यापाशी बसला, टॅबवर रीटा, मी आपली मार्थाच्या पाठीवर शाल टाकतेय. सगळं सुरळीत चाललं होतं. मग आला नात्याचा रकाना. त्याच्यावर बोट ठेवलं की यादी उघडते... पेरेंट, स्पाउस, चाइल्ड, सिबलिंग, आणि सगळ्यांच्या खाली, उकिरड्यासारखं, ‘अदर’. नेल्सन वर खाली बघत बसला. मावशी नव्हतीच. मावशी त्यांच्या भाषेत आंट, आणि आंट तर आत्याही, काकूही, मामीही, शेजारची शोभाही. तो म्हणाला, “मम्मी, पेरेंट टाकूया. पेपर मागितले तर बघू.” मी म्हटलं, टाक बाबा, टाक, देव काही वाचत नाही ते. टॅबमधून रीटा रडत म्हणाली, मावशी, टाकू दे ना.

मार्थाने लॅपटॉपवर हात ठेवला. “नॉं,” म्हणाली. ते फ्रेंच ‘नाही’ ती नाकातून म्हणायची, वर्गातल्या मुलांना म्हणायची तसं. “हिची आई माझी बहीण. ती मेली म्हणून तिची जागा मी खाणार नाही. इतकी वर्षं नाही खाल्ली, आता मरताना खाऊ? खरं लिही. वाचेल कुणीतरी.”

वाचेल कुणीतरी! त्या क्षणी मला तिचा इतका राग आला... तो आजही आहे. इभ्रतीच्या शपथा घेणारी भाषा जन्मभर शिकवली आणि तीच तिला भोवली. नेल्सनने ‘अदर’ टाकलं, आणि शेजारच्या इवल्याशा चौकोनात सगळं लिहिलं, बहीण कशी गेली, पोर कडेवर कशी आली. शब्द जास्त होतात म्हणून दोनदा छाटलं. कडेवरचं वाक्य उडालं ते तेव्हाच.

उत्तर आलं ते कुणाच्या सहीशिवाय. कारण पुरेसं ‘कंपेलिंग’ नाही. मार्थाने ते पुन्हा पुन्हा वाचलं, आणि बाई, मरणाच्या दारात ही बाई त्या शब्दाचं मराठी शोधत बसली. “भाग पाडणारं? नाही. जोरकस? शोभा, तू काय म्हणशील?” मी म्हटलं, मी शिवी म्हणेन. ती हसली आणि खोकली. नेल्सनने फोन लावला तेव्हा अर्धा तास सनई वाजवल्यासारखं म्युझिक, मग एक गोड मुलगी. सगळं ऐकून म्हणाली, पुन्हा अप्लाय करा, आणि शेवटी काय म्हणाली माहितीये? नो वरीज. मी इथे इतकी वर्षं आहे, बसवाला म्हणतो, दुकानवाला म्हणतो, मीही म्हणते. त्या दिवसापासून माझ्या तोंडातून तो शब्द कायमचा गेला. वरीज आहेत बाई, भरपूर आहेत.

पुन्हा अर्ज केला. त्याचं उत्तर यायच्या आत कॅनबेराच बंद झालं. मला मार्थाकडे जाता येईना, मग मीही टॅबच्या आतली झाले. एकदा तिने मलाच उलट विचारलं, अगदी बारीक आवाजात, “रीटाचं बरोबर होतं का गो? त्या मशीनचं?” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, तिला सांगशील, मी मोर्चाबद्दल जास्त बोलले. मी सांगितलं रीटाला. लियोंच्या त्या किचनमधून नुसता फ्रिजचा आवाज येत राहिला.

लोक मला म्हणतात, शोभाताई, साथ होती, नियम सगळ्यांना सारखे होते. साथ होती हे मला कळतं. दारं बंद ठेवावी लागतात हेही कळतं. पण दारावर माणूस उभा करा ना. माणसाने मार्थाचं ऐकून नाही म्हटलं असतं तरी मी एवढी जळले नसते. आणि सारखे म्हणाल तर, त्याच दिवसांत बॅटी घेऊन आणि रॅकेटी घेऊन विमानातून उतरणारे मी टीव्हीवर बघितले आहेत. त्यांचं कारण कंपेलिंग असणार.

फ्युनरलच्या दिवशी मी चांगली साडी नेसून, टिकली लावून, ओट्यापाशी फोनसमोर उभी राहिले. बसून बघवेना. फादर मराठीत गाणं म्हणायला लावणार होते, वसईचं, नेल्सनने मुद्दाम सांगितलं होतं. गाण्याची पहिली ओळ आली आणि चित्र थिजलं. फादरचा हात वर, तोंड उघडं, तसंच्या तसं. खिडकी उघडली तर मागच्या रस्त्यावरून चर्चची घंटा मला खरीखुरी ऐकू येत होती. रीटाला तीही नाही. तिचा मेसेज आला, ‘आंटी, तुम्हाला दिसतंय का?’ मी लिहिलं, घंटा वाजतेय. मग फोन खिडकीच्या बाहेर धरला आणि तिला कॉल लावला. हात दुखेपर्यंत धरला. तेवढंच पोचलं तिला.

आता लॉकडाऊन जरा सैल झालाय. कालच नेल्सनकडे डाळ घेऊन गेले. टॅब अजून पिठाच्या डब्यालाच टेकलेला, कोपऱ्यावर मार्थाच्या अंगठ्याचं पीठ वाळून चिकटलेलं. नेल्सन पुसत नाही, मीही नाही पुसलं. दिवेलागणीला तो वाजला. नेल्सन आत मीटिंगमध्ये, म्हणून मी उचलला. रीटा होती, ड्युटीवरून आलेली, डोळे सुजलेले. म्हणाली, “आंटी, सवयीने लागला.” मला आंटी म्हणते ती. बरोबरच आहे, मावशी एकच. मी म्हटलं, असू दे, तू कॉफी पी. ती कॉफी प्यायली, मी डाळीला फोडणी दिली.

कॉल बंद झाला आणि ते पाच तारे आले. कॉल कसा झाला? माझं बोट हळदीचं होतं. मी एक दाबला.