रोज एक वाटी माठ

आईच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली आणि आम्ही तिला खडवलीहून बाळकुमला, आमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी आणलं. रक्त पातळ ठेवणारी गोळी आता जन्मभर. ती कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. हे सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात पदवी घेतलेली पहिली मीच.

गोळीसोबतचा कागद मी तीनदा वाचला. के जीवनसत्त्वामुळे रक्त गोठतं, गोळी त्याच्या उलट काम करते, आणि हे जीवनसत्त्व सगळ्यात जास्त पालेभाज्यांत. डॉक्टरांनी आहाराबद्दल काय सांगितलं होतं ते मात्र मी अर्धवटच ऐकलं होतं. मी ठरवून टाकलं, पालेभाजी बंद.

नदीकाठच्या तुकड्यात मेथी, माठ, शेपू लावून, कल्याणच्या बाजारात जुड्या विकून जिने मला शिकवलं, तिला मी हे सांगितलं.

"कोथिंबीर पण?" तिने विचारलं.

"ती पण."

"बरं. तू शिकलेली."

गेटवरच्या भाजीवालीलाही मी बजावलं, आईला पाला द्यायचा नाही. दोनदा दुधी घेऊन परत आल्यावर आईने खाली जाणंच सोडलं. गॅलरीतून भाजीवालीची गाडी बघत बसायची. शेजारच्या काकूंची मेथी निवडून द्यायची, तर मला तेही खटकायचं. निवडताना चार पानं तोंडात टाकली तर?

दोन महिन्यांनी तिच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले. चूळ भरताना हिरड्यांतून रक्त आलं. रक्त गोठण्याची तपासणी केली, तर आकडा हवा त्यापेक्षा कितीतरी वर. आकडा चढला म्हणजे पाला खाल्ला, असं मी धरून चालले.

"कुणाकडे खाल्लीस?" मी विचारलं.

"नाही गं."

"आई, रिपोर्ट खोटं बोलत नाही."

ती चपला घालायला उठली. आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी जेवणाचं विचारलं. पालेभाजी पूर्ण बंद केली आहे, हे मी जरा अभिमानानेच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. आकडा वर म्हणजे रक्त फार पातळ, ते म्हणाले. हे जीवनसत्त्व शरीराला लागतंच. त्याशिवाय साध्या जखमेचं रक्तही लवकर थांबत नाही, हाडांनाही ते हवं. भाजी तोडायची नसते, रोज सारखी ठेवायची असते. गोळीचं प्रमाण त्यावर बसवता येतं.

आईने त्यांना विचारलं, "म्हणजे मी चोरून खाल्ली असती, तर आकडा खाली आला असता?"

"हो, आजी."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दोन दिवस गोळी थांबवली, पुन्हा तपासणी झाली, मग भाजीला परवानगी मिळाली. मी तिच्यासोबत खाली गेले. तिने लाल माठाची जुडी उचलली, देठ मोडून कोवळा आहे का पाहिलं. भाजीवालीने तिच्या खांद्यावरून मला विचारलं, "ताई, देऊ का मावशीला?"

आई जुडी धरून माझ्या उत्तराची वाट बघत उभी होती. मी हो म्हणाले.

आता ती रोज एक वाटी भाजी घेते. तिचे आकडे ठीक आहेत, त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण वाटी भरली की ती चमच्याने सपाट करते आणि खाण्याआधी मला आणून दाखवते. नको म्हटलं तरी दाखवते.