रुक्मिणीला उचलणारे हात

“पाठीनं नाही रे, मांड्यांनी उचल.”

बाईंचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते अमरावतीच्या भाजीबाजारात, माझ्याच अडतीसमोर, आणि ऐकून माझं डोकं फिरलं. सकाळचा लिलाव सुरू होता. माझ्याकडचा गजू कांद्याचं पोतं पाठीवर घेत होता आणि सुती साडीतल्या, केस घट्ट बांधलेल्या एक बाई त्याच्या कमरेला दोन बोटं लावून त्याला पोतं कसं उचलायचं ते शिकवत होत्या. पोती उचलूनच मी अडत उभी केली, आणि माझ्याच दारात हे शिकवणं. मी ओरडलो, कांदे घ्यायचे असतील तर घ्या, नाहीतर वाट मोकळी करा. त्यांनी कांद्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“हा मुलगा मला संध्याकाळी हवा,” त्या म्हणाल्या.

“कायले?”

“कृष्ण करायचाय. बॅलेत.”

आजूबाजूचे अडते हसायला लागले. मी मात्र हसलो नाही, कारण समोरचा काही मागतो आहे हे दिसलं की माझ्यातला सौदेबाज जागा होतो. त्यांना रोजची संध्याकाळ हवी होती, मी आठवड्यातून एक देत होतो. मी हात झटकून आत गेलो, त्या तिथेच उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकांना त्यांना वळसा घालून यावं लागत होतं. शेवटी मी गजू देऊन टाकला, आणि पाठोपाठ बाजारातले आणखी तिघं त्यांनी कसे नेले ते मला कळलंही नाही. माझ्याकडून इतक्या स्वस्तात कोणी काही नेलेलं नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी नवरात्रात बाईंचं ‘रुक्मिणीहरण’ पाहिलं असेल, त्यांना मी काय वेगळं सांगणार. कौंडिण्यपूरची रुक्मिणी म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली लेक, त्यामुळे गर्दी व्हायचीच. बाई तरुणपणी मुंबईच्या एका बॅले कंपनीत नाचल्या होत्या. वडील इथले नावाजलेले वकील. त्यांच्या आजारपणासाठी आल्या आणि इथेच राहिल्या. कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम त्यांनी मिळवलं, फरशी घासून घेतली आणि तिथे वर्ग सुरू केला.

त्या गोदामात जे घडायचं ते दुसरीकडे कुठे घडत नव्हतं. वकिलांच्या, मास्तरांच्या, भटजींच्या घरच्या मुली आणि भाजीबाजारातली पोरं. रुक्मिणी धावत यायची, झेप घ्यायची, आणि गजू तिला कमरेला धरून डोक्यावर उचलून धरायचा. रथ असा काही नव्हताच. मुलगी वर गेली की लोकांना रथ दिसायचा.

परक्या पोरानं आपल्या मुलीला असं उचलणं आईबापांच्या गळी बाईंनी कसं उतरवलं, हे मला आजही कोडं आहे. त्या कुणाला समजावत बसत नसत. आईबापांना बोलवायच्या, सतरंजीवर बसवायच्या आणि दाखवायच्या. एकदा एका रुक्मिणीनं तक्रार केली की कृष्णाच्या हाताला कांद्याचा वास येतो. बाई म्हणाल्या, “मग? द्वारकेहून इतक्या लांब घोडे हाकत आलेल्या माणसाला अत्तराचा येणार आहे?”

अकोल्याला दरवर्षी एक प्रयोग असायचा. तिथे एका वर्षी पहिल्या रांगेतला एक म्हातारा भर प्रयोगात म्हणाला, “अन् रथ कुठी हाये?” डोक्यावर मुलगी तोललेली, तरी गजू तिथूनच बोलला, “वरते पाह्य ना बाप्पा.” सगळं सभागृह हसलं. मी विंगेत होतो. मला वाटलं, बाई आता याला फाडून खातील. त्या पदर तोंडात कोंबून खाली बसल्या होत्या.

मग कोरोना आला आणि सगळं बंद झालं.

पहिल्या वर्षी बाईंनी हातपाय गाळले नाहीत. माझ्या अडतीवरची भाजी ही चार पोरं घरोघर पोहोचवायची. टोपली पायरीवर ठेवायची, मागे सरायचं आणि कृष्णासारखं वाकून नमस्कार करायचा, असा बाईंचा हुकूम. गॅलरीत उभी असलेली म्हातारी माणसं त्यासाठी वाट पाहत बसायची. मुली आपापल्या गच्चीवर नाचायच्या आणि शेजारचे टाळ्या वाजवायचे. मी कुरकुरायचो की यात भाजी सुकते. बाई म्हणायच्या, “भाऊ, माणसं सुकून राहिली.”

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुन्हा लाट आली आणि ती आधी आपल्या अमरावतीवर आली. तेव्हाचं तुम्हाला आठवत असेलच. न आठवण्याचा तुम्ही प्रयत्न करत असाल तर तेही मला समजतं.

बाईंच्या गॅलरीसमोर एका घरातून मयत नेत होते. नेणारे दोघंच, कधीपासून राबत होते कुणास ठाऊक. त्यांच्या हातून ते प्रेत जिन्याच्या पायऱ्यांवर आपटत खाली आलं. बाई त्या दोघांवर रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना गोदामात बोलावलं, मलाही बोलावलं. ज्याच्या घरी म्हातारं माणूस किंवा लहान लेकरू असेल त्यानं यायचं नाही, असं सांगितलं, आणि विचारलं, उचलायला कोण येतं. चौघंही पुढे आले. मी तिथेच भांडलो. ही माझी माणसं आहेत, म्हणालो, यांना काही झालं तर त्यांच्या घरी जाऊन मला तोंड दाखवायचंय, तुम्हाला नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ फरशीवर आडव्या झाल्या.

“मी मेले आहे,” त्या म्हणाल्या. “उचला.”

गजूला हसू आलं.

“हसू नको. नाचणारी मुलगी आपलं डोकं आपण सांभाळते. हे माणूस सांभाळणार नाही. आधी एक हात डोक्याखाली. मग बाकीचं.”

साठीला टेकलेली ती बाई पुन्हा पुन्हा अंग सैल सोडून मेली आणि पोरांनी तिला पुन्हा पुन्हा उचललं, हात आपोआप डोक्याखाली जायला लागेपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून प्लास्टिकचे ते पांढरे पोशाख घालून पोरं कामाला लागली. बाई मयताच्या गाडीत पुढे बसायच्या. घरच्यांना जवळ येता येत नसे. म्हणून त्या लांबूनच त्यांना सांगायच्या की बघा, नीट नेतोय.

मार्चमध्ये माझी आई गेली. मी दवाखान्यात काचेपलीकडे उभा होतो. चेहरे झाकलेले होते, पण गजूला मी चालण्यावरून ओळखलं. त्यांनी आईला उचललं तेव्हा तिचं डोकं लटकलं नाही. तेवढंच मला दिसलं आणि तेवढंच माझ्याकडे आहे.

लाट ओसरली. शाली वाटण्याचे कार्यक्रम झाले. ज्यांनी दाराच्या फटीतून बाहेर डोकावलं नव्हतं त्यांच्या खांद्यावर ‘कोरोना योद्धा’ म्हणून शाली पडल्या. आमच्या पोरांनाही बोलावलं होतं. त्यांच्या खुर्च्या जरा बाजूला मांडल्या होत्या. गजू म्हणाला, “बरं झालं, पंखा इकडंच हाये.”

बाईंनी गोदाम पुन्हा घासून घेतलं. नवरात्र जवळ येत होतं. मुली आल्या नाहीत.

कुणाची परीक्षा होती, कुणाचा गुडघा दुखत होता. बाई वाट पाहत राहिल्या. शेवटी एका मुलीच्या आईनं माझ्या बायकोला भाजी घेताना खरं सांगितलं. मुलीला पाठवू हो, पण त्या हातांनी तिला उचलायचं? इतकी मयतं उचलली त्या हातांनी?

मी पेटलो. घर सोडलं नाही एकही. बाजारात जसा भावासाठी भांडतो तसा प्रत्येक दारात भांडलो. ज्यांच्या घरची माणसं याच हातांनी नेली होती त्यांच्याकडेही गेलो, आणि त्यांनीच आधी नजर चुकवली. एका भटजीबुवांना मी विचारलं, गेल्या वर्षी दहाव्याचे मंत्र फोनवरून सांगत होता ना तुम्ही, तेव्हा विटाळ तारेतून येत नव्हता का? त्यांनी दार लावून घेतलं. बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊ, मुली अशा ओढून आणू नका.” मला त्यांचा फार राग आला. मी यांच्यासाठी भांडतोय आणि या समोरच्याची बाजू घेतात. सौद्यात आपलाच माणूस ढिला पडला की माल जातो, हे मी त्यांना हजारदा सांगितलं.

पण एक दार उघडलं. सानिका म्हणून शेवटच्या प्रयोगातली रुक्मिणी, तिच्या वडिलांना मी पटवलं. तेही वकील, त्यांच्या अटी होत्या. ते स्वतः समोर बसणार. फक्त एकदा करून बघायचं. आणि गजूनं त्यांच्या देखत साबणानं हात धुवायचे. या शेवटच्या अटीवर मी उठून चालायला लागलो होतो. फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो, कारण एक रुक्मिणी परत आली असती तर बाकीच्या तिच्यामागे आल्या असत्या, आणि नसती आली तर गोदामाला कुलूपच लागणार होतं. सौदा ठरला. मी बाईंना जाऊन सांगितलं की जिंकलो.

आता गोदामात कापसाच्या गाठी आहेत. बाई अकोल्याला बहिणीकडे राहतात. फोन त्या उचलत नाहीत. बहीण उचलते आणि सांगते, बरी आहे. मी दोनदा अकोल्याला जाऊन त्यांच्या दारातून परत आलो. एकदा त्या झोपल्या होत्या, एकदा देवळात गेल्या होत्या. बाई आयुष्यात कधी देवळात गेलेल्या मला माहीत नाहीत. माझा त्यांच्यावरचा राग गेलेला नाही. मी मिळवून आणलेली रुक्मिणी त्यांनी एका दुपारनंतर सोडून दिली, वर्गही मोडला. पण ती दुपार मी पाहिली आहे, त्यामुळे राग धरूनही करायचं काय ते कळत नाही.

त्या दुपारी वकीलसाहेब सतरंजीवर बसले होते. गजूनं नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, सावकाश, फेस जाईपर्यंत, आणि ओले हात त्यांना दिसतील असे धरून उभा राहिला. बाईंनी संगीत लावलं. सानिका कोपऱ्यातून धावत आली. पोरगी घाबरलेली नव्हती, उलट हसत होती, तिला नाचायचंच होतं. तिनं झेप घेतली. गजूचा एक हात कमरेला गेला. दुसराही कमरेलाच जायला हवा होता. तो वर गेला आणि तिच्या डोक्यामागे टेकला.

ती वर गेलीच नाही. त्याच्या दोन्ही हातांवर आडवी आली, जशी झोळीत यावी. क्षणभर तो तिला तशीच धरून उभा राहिला, तोल न जाऊ देता, फार जपून. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं.

“माझं डोकं का धरलं?” तिनं विचारलं.

त्यानं तिला खाली ठेवलं. तिला कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं. वकीलसाहेब उठले. मी वाद घालायला तयार होतो, पण त्यांनी वाद घातला नाही. मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, बाईंना वाकून नमस्कार केला आणि निघून गेले. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर मला चाललं असतं.

बाईंनी संगीत बंद केलं. गजू भिंतीकडे तोंड करून उभा होता.

“पुन्हा येईल हात जागेवर,” त्या म्हणाल्या. “मला उचल.”

“नाई बाई.”

“मी उडी मारते. माझं डोकं मी धरते. तू फक्त कमर धर. ये.”

त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हात वर केले, रुक्मिणीसारखे. साठीची बाई, एका पायाच्या चवड्यावर. मी गजूला म्हणालो, जा ना रे, त्या उभ्या आहेत. त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं.

“मी उचललं त्यातलं कोणी राह्यलं नाई बाई,” तो म्हणाला. “तुमी राहा.”

दाराशी जाऊन त्यानं पायानंच चपला सरळ केल्या, घातल्या आणि गेला. आयुष्यभर मी कुणालाही वाटेतून परत बोलावलं आहे, भाव वाढवून, कमी करून, शिव्या देऊन. त्याला बोलवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी बाईंना म्हणालो, बसा आता. त्यांनी ऐकलं नाही. चवड्यावरचा पाय थरथरायला लागला होता, आणि हात वरच होते.